लहान मुलासह समुद्राकाठी



अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. ऊस, दूध आणि लिंबू ही या परिसराची उत्पन्नाची साधने होत. घोड आणि कुकडी यांच्या कालव्यांचे आवर्तन केव्हा सुटणार, हा येथील घराघरांतील जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. पाण्याचे मोल जाणणाऱ्या अशा या अवर्षणप्रवण भागातील एखादे कुटुंब चार दिवसांची सवड काढून, घरातील तीन-चार वर्षांच्या मुलास घेऊन समुद्र पाहावयास निघते, तेव्हा त्या सहलीची आखणी कशी असावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय वरवर पाहता घरगुती वाटेल. परंतु त्यात मुलाच्या प्रकृतीचा, किंबहुना प्राणाचा प्रश्न गुंतलेला आहे. तसेच ग्रामपंचायती, शाळा आणि शासकीय कार्यालये यांच्या कर्तव्याचाही भाग त्यात आहे.

प्रथम भूगोल पाहू. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे पाणी घोड नदीतून भीमेस मिळते, भीमा कृष्णेस मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात विलीन होते. काष्टीच्या शिवारालगतचे पाणी असे शेकडो किलोमीटर पूर्वेकडे जाते. अरबी समुद्र मात्र पश्चिमेस, सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे. काष्टी आणि रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन यांच्या अक्षांशांत जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक आहे. दोन्ही ठिकाणे कर्कवृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधात येतात. ज्या प्रकारच्या किनाऱ्यांसाठी थंड देशांतील कुटुंबे हजारो किलोमीटरचा विमानप्रवास करतात, तसा नारळी-पोफळींचा किनारा काष्टीकरांस एका दिवसाच्या प्रवासावर उपलब्ध आहे. तरीही घाटाच्या दोन बाजूंचे हवापाणी अगदी निराळे आहे. अल्प पावसाच्या कोरड्या हवेत वाढलेले मूल अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या दमट प्रदेशात जाते, ही गोष्ट मोठ्या माणसांच्या सहसा ध्यानी येत नाही.

सहल ही चैन नव्हे

पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचे गाव आणि प्रवास म्हणजे देवदर्शन, अशी रीत होती. त्या रीतीत मुलांचे भले साधले जाई, कारण आजोळी मुलास सांभाळणारे दहा हात असत. आजच्या लहान कुटुंबात ते हात कमी झाले आहेत. दुभती जनावरे असलेल्या घरास तर दोन्ही वेळच्या धारांमुळे एक दिवसही बाहेर पडणे कठीण होते. अशा वेळी आपल्या खेड्यांतील सावडीची जुनी पद्धत उपयोगी पडते. एका घराची जनावरे शेजारच्या घराने चार दिवस सांभाळावीत आणि पुढे त्या घराची पाळी आल्यावर पहिल्या घराने ती परतफेड करावी. पेरणी-काढणीत जी देवघेव चालते, ती विश्रांतीसाठीही चालावयास हरकत नाही.

विश्रांतीचा हक्क घरातील स्त्रीलाही आहे. पुष्कळ सहलींत असे दिसते की पुरुषमंडळी समुद्रावर असतात, मुले वाळूत असतात आणि आई मात्र परक्या घरी स्टोव्ह पेटवून भाकरी थापत असते, नाहीतर ओले कपडे वाळत घालीत असते. मुलाचे भरविणे, निजविणे, धुणे ही कामे सहलीस निघण्यापूर्वीच वडील आणि इतर मंडळींनी वाटून घेतली, तरच त्या चार दिवसांना कुटुंबाची सुट्टी म्हणता येईल. या वाटणीचा सुरक्षिततेशीही थेट संबंध आहे. थकलेल्या एकट्या आईवर मुलाची सर्व राखण सोपविणे हे पाण्याकाठी धोक्याचे ठरते.

केव्हा जावे

सहा वर्षांखालील मूल अद्याप पहिलीत गेलेले नसते. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीशी बांधून घेण्याचे कुटुंबास कारण नाही. मोठे भावंड शाळेत असेल, तर दिवाळीची सुट्टी सोयीची पडते. एरवी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ किनाऱ्यासाठी सर्वांत चांगला होय. त्या दिवसांत समुद्र तुलनेने शांत असतो, हवा सुखद असते आणि घाटरस्ते कोरडे असतात. उसाची तोड त्याच काळात चालते हे खरे, परंतु आपल्या फडाची तोड झाल्यावर चार दिवस काढणे पुष्कळांस शक्य होते.

मे महिन्यात काष्टीचा पारा चाळीस अंशांवर जातो आणि किनाऱ्यावर तो त्याहून खाली राहतो. म्हणून तेथे सुखद असेल अशी समजूत होते. प्रत्यक्षात दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम न वाळल्याने शरीर निवत नाही. लहान मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठा असल्यामुळे त्यास उष्म्याचा त्रास लवकर होतो.

पावसाळ्यात लहान मुलांसह धबधबे आणि समुद्र दोन्ही वर्ज्य मानावेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात अचानक लोंढा आला आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. ते कुटुंब कोणतेही अचाट साहस करावयास गेले नव्हते. वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसास दिसत नाही, एवढेच त्या दुर्घटनेचे कारण पुरेसे आहे.

वाटेतील प्रवास

काष्टी हे दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक आहे. दौंडमार्गे पुणे गाठून पुढे मुळशी आणि ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा व श्रीवर्धन असा मार्ग आहे. हे सर्व अंतर एका दमात तोडण्याची ईर्षा बाळगू नये. पुण्यास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरावा, म्हणजे मूल ताजेतवाने राहते. वळणांच्या घाटात मुलास उलट्या होतात. त्यासाठी निघण्यापूर्वी हलका आहार द्यावा, पोट तुडुंब भरू नये आणि दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी. खासगी वाहन असल्यास मुलास पुढच्या आसनावर मांडीत घेण्याची सवय अत्यंत घातक आहे. मागील आसनावर, त्याच्या वयास योग्य अशा आसनात पट्ट्याने बांधूनच बसवावे. चालकानेही रात्रीचे जागरण करून घाट उतरू नये.

एस. टी.ने जाणाऱ्यांस सवलती बऱ्याच आहेत. पाच वर्षांखालील मुलास तिकीट पडत नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट पडते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास विनामूल्य झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. आजी, आई आणि लहान मूल अशा प्रवासाचा खर्च त्यायोगे पुष्कळ हलका झाला आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांस रजा प्रवास सवलतीत महाराष्ट्र दर्शनाची तरतूद आहे. तिचा उपयोग मुलाबाळांसह करावा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली. हरिहरेश्वर येथे महामंडळाचे पर्यटक निवास आहे, आणि किनाऱ्यावरील घरांत राहण्याची सोय करणारी निवास व न्याहारी योजनाही आहे.

पुष्कळ बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी 'हिरकणी कक्ष' केलेले आहेत. हिरकणीची कथा रायगडची. गडावर दूध घालावयास गेलेली ही गवळण दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि घरी असलेल्या तान्ह्यासाठी रात्री अवघड कडा उतरून गेली, असे परंपरा सांगते. ज्या मार्गाने काष्टीचे कुटुंब समुद्राकडे जाते, तो मार्ग त्याच रायगडच्या मुलुखातून जातो. या कक्षास कुलूप घालून त्यात सामान ठेवले जात असेल, तर त्या नावाची ती विटंबनाच होय. स्थानकप्रमुखांनी आणि प्रवाशांनीही त्याबाबत जागरूक राहावे.

उष्मा, पाणी आणि आहार

किनाऱ्यावर मुलाचे आजारपण बहुधा दोन कारणांनी येते, उन्हाने आणि दूषित पाण्याने. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत मुलास सावलीत ठेवावे. अंगभर सैल सुती कपडे आणि रुंद काठाची टोपी घालावी. सहा महिन्यांखालील बालकास आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीही, देऊ नये. आईचे दूध अधिक वेळा पाजावे. त्याहून मोठ्या मुलास तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी द्यावे. पाणी उकळून गार केलेले असावे. शहाळ्याचे पाणी आणि ताजे ताक उपयुक्त आहे. बर्फ घातलेली, उघड्यावरील पेये टाळावीत. काष्टीच्या मुलास मासळीची सवय नसेल, तर प्रथम अगदी थोडी आणि काटे नीट काढूनच द्यावी. अंगावर पित्त उठल्यास ती पुन्हा देऊ नये.

जुलाब लागल्यास पहिले औषध म्हणजे क्षारसंजीवनी, अर्थात ओआरएस. या साध्या पुडीस मोठा इतिहास आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे देण्यास प्रारंभ केला. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजीत. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. डॉ. महालनोबिस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

ही पुडी आरोग्य उपकेंद्रात आणि आशा कार्यकर्तीकडे मिळते. निघताना चार पुड्या बरोबर घ्याव्यात. पुडीवर लिहिलेल्या मापाएवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजे पाण्यात टाकू नये. तयार द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. बाजारातील गोड फळपेये म्हणजे ओआरएस नव्हे. मुलाचे तोंड कोरडे पडणे, रडताना अश्रू न येणे, डोळे खोल जाणे, बराच वेळ लघवी न होणे आणि मूल मलूल पडणे ही शरीरातील पाणी घटल्याची चिन्हे होत. मूल पाणी पिईनासे झाले, शौचातून रक्त गेले किंवा झटके आले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

समुद्र आणि तिथी

आता मुख्य विषय, समुद्र. शेतकऱ्याच्या घरी पंचांग किंवा दिनदर्शिका असतेच. तीच समुद्राकाठी उपयोगी पडते. भरती-ओहोटी चंद्राच्या गतीने चालते आणि ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरील लोकांचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहाच्या सुमारास. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि तेवढ्याच अवधीने पुन्हा भरती. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते, म्हणजे पाणी अधिक वर चढते आणि अधिक मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याचा चढउतार कमी असतो. हा हिशेब स्थूल आहे. तो मनाशी करून नंतर स्थानिक कोळी बांधवांना विचारून पक्का करावा.

या हिशेबाचे महत्त्व हरिहरेश्वरी विशेष कळते. तेथील प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या कडेने उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. ओहोटीच्या वेळी ती चालता येते. भरतीच्या वेळी त्याच खडकांवर लाटा चढतात आणि माणसास परतण्यास वाट उरत नाही. शेवाळलेल्या त्या खडकांवर मुलास कडेवर घेऊन चालणे ओहोटीतही इष्ट नव्हे. घरातील एकाने मुलासह मंदिरापाशी थांबावे आणि इतरांनी प्रदक्षिणा करून यावे. देवास यात काही कमी पडत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले चौदा महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती तरुण मुले होती, दिवस हिवाळ्याचा होता आणि किनारा नेहमीचा, माणसांच्या वर्दळीचा होता. धडधाकट तरुणांची ही गत होते, तेथे गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या मुलाचे काय? किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाताना काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. लाटा फुटत असलेल्या किनाऱ्यावर मध्येच लाटा न फुटणारा, शांत आणि गडद पाण्याचा पट्टा दिसतो, तो याच ओढीचा असू शकतो. अजाण माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून निवडतो. खाडीच्या मुखाशीही ओहोटीच्या वेळी अशीच ओढ असते. त्या ओढीत सापडलेल्याने उलट दिशेने धडपड न करता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूस व्हावे, असे जाणकार सांगतात. लहान मुलास हे करता येणे शक्यच नाही. म्हणून त्याच्यासाठी नियम एकच आहे. पाण्यापाशी मूल असेपर्यंत एक प्रौढ माणूस हात लांबविल्यास मूल हाती लागेल एवढ्याच अंतरावर असावा. त्या वेळी त्याच्या हाती दूरध्वनी नसावा आणि त्याने मद्य घेतलेले नसावे. राखणीची पाळी ठरवून घ्यावी आणि पाळी बदलताना तसे तोंडाने सांगावे. सर्वांचे लक्ष आहे असे जेथे गृहीत धरले जाते, तेथे पुष्कळदा कोणाचेच लक्ष नसते.

बुडणारे मूल ओरडते, हात हलविते, असा समज आहे. वास्तविक लहान मूल आवाज न करता बुडते. त्यास बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार चुकीचे आहेत. त्यांत मोलाचा वेळ जातो. मूल श्वास घेत नसल्यास त्यास उताणे निजवून, मान किंचित मागे करून प्रथम तोंडावाटे श्वास द्यावेत, छाती दाबण्याची क्रिया सुरू करावी आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत ती चालू ठेवावी. ही क्रिया ऐकून येत नाही, हातांनी शिकावी लागते. प्रत्येक शिक्षकाने आणि ग्रामपंचायत सदस्याने ती प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकून घ्यावी.

किल्ले पाहण्यासाठी वा खाडी ओलांडण्यासाठी होडीत बसावे लागते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीकडे निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या वेगवान नौकेच्या धडकेने बुडाली. तीत बालकांसह अनेक कुटुंबे होती. मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट नसेल, तर त्या होडीत मुलासह पाऊल ठेवू नये, मग तिकीट काढलेले का असेना.

मुक्कामाचे घर

धोका समुद्रातच असतो असे नाही. न्हाणीघरातील भरलेली बादलीही नुकत्याच चालू लागलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. वापर झाल्यावर बादली रिकामी करून पालथी घालावी. कोकणातील वाड्यांत घरालगत विहीर असते. तिचा कठडा किती उंच आहे, हे पोहोचताच पाहावे. माडाखाली बाज टाकून मुलास निजवू नये, कारण नारळ आणि वाळलेल्या झावळ्या केव्हा खाली येतील याचा नेम नसतो. रात्री मच्छरदाणी वापरावी. सकाळी कपडे व पायताण झटकूनच घालावे, कारण कोकणात लाल विंचवाचा उपद्रव आहे. या विंचवाचा दंश लहान मुलांस प्राणघातक ठरत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या वापराने त्यावरील उपचारास नवी दिशा दिली आणि असंख्य बालकांचे प्राण त्यायोगे वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दंश झाल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता मुलास जवळच्या शासकीय दवाखान्यात न्यावे. त्या दवाखान्याचा पत्ता मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्या तासातच विचारून ठेवावा. मुलाचे लसीकरण पत्रक आणि नेहमीची औषधे बरोबर असावीत.

मुलास काय मिळते

एवढी सावधगिरी घ्यावयाची, तर मुलास न्यावेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मुलाच्या वाढीत आहे. काष्टीच्या मुलाने पाणी पाहिलेले असते ते पाटातले, टाकीतले आणि टँकरमधले. पलीकडचा काठ न दिसणारे पाणी पाहणे हा त्याच्या बुद्धीस मिळणारा मोठा धक्का आणि मोठा आनंद असतो. भरती, ओहोटी, शिंपला, खेकडा, होडी, जाळे हे शब्द पुस्तकातून येण्याआधी त्याच्या हातांतून आणि पायांतून येतात. ओल्या वाळूचे घर टिकते आणि कोरड्या वाळूचे ढासळते, हा त्याचा पहिला प्रयोग होय. पाणी खारट का, याचे उत्तर त्यास लगेच समजले नाही तरी चालेल. प्रश्न पडला हेच पुष्कळ झाले. अंगणवाडीत परतल्यावर सेविकेने त्यास दोन वाक्ये बोलावयास सांगावे आणि त्याने आणलेले रिकामे शिंपले इतर मुलांना हाताळू द्यावेत. एका मुलाच्या सहलीतून वीस मुले समुद्र शिकतात.

मुलाच्या दृष्टीने सहलीत पाच ठिकाणे पाहणे निरर्थक असते. त्यास एकच किनारा, रोज तीच जागा, तीच झोपेची वेळ आणि ओळखीचे जेवण हवे असते. मोठ्यांच्या यादीतील देवळे आणि किल्ले कमी झाले तरी चालतील. सहलीची गती मुलाच्या पावलांनी ठरावी, हे या विवेचनाचे सार आहे. तसे केले की बहुतेक धोके आपोआप टळतात, कारण अपघात पुष्कळदा घाईतून आणि थकव्यातून होतात.

सार्वजनिक कर्तव्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत बुडण्याचा क्रमांक चौथा लागतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी जाहीर केला, तो या गांभीर्यामुळेच.

किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी भरती-ओहोटीच्या वेळा रोज मोठ्या मराठी अक्षरांत फळ्यावर लिहाव्यात, धोक्याच्या जागा झेंड्यांनी दाखवाव्यात आणि प्रशिक्षित जीवरक्षक नेमावेत. पिण्याचे शुद्ध पाणी, सावली आणि स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह ही सोय पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या करातून प्रथम व्हावी. वाळूवर मोटारी आणण्यास अटकाव करावा, कारण तेथे मुले खेळत असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागांची अपरिमित हानी केली. त्यानंतर तेथील पुष्कळ घरांना पर्यटकांचा आधार अधिक वाटू लागला. तो आधार टिकावयाचा, तर आलेले प्रत्येक मूल सुखरूप परत गेले पाहिजे.

काष्टीसारख्या देशावरील गावांचे कर्तव्यही कमी नाही. समुद्र वर्षातून एखादे वेळी दिसतो. शेततळे, कालवा आणि विहीर मात्र रोज दाराशी असतात. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावरून घसरलेल्या मुलास वर चढता येत नाही. अशा प्रत्येक तळ्यास कुंपण, काठाशी बांधलेला गाठींचा दोर आणि एक रिकामा बंद डबा एवढी व्यवस्था अल्प खर्चात होते. ग्रामसभेने शेततळ्यांची यादी करून कुंपण नसलेल्या तळ्यांच्या मालकांना विनंती करावी आणि आवश्यक तेथे साहाय्य द्यावे. शाळांनी मोठ्या मुलांस जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे शिकविण्याची सोय पाहावी. आशा कार्यकर्तीने सहलीस निघालेल्या कुटुंबास ओआरएसच्या पुड्या द्याव्यात आणि मुलाच्या लसी पूर्ण आहेत की नाहीत ते पाहावे.

ही कामे करण्यास नवा विभाग वा मोठा निधी लागत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घातला, शिक्षकांनी पालकसभेत अर्धा तास दिला आणि आरोग्य केंद्राने एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवले, तर प्रारंभ होतो. गावातील तळ्याच्या काठी जे कुटुंब मुलाचा हात धरावयास शिकते, ते समुद्राच्या काठीही तो सोडत नाही. काष्टीच्या मुलांनी समुद्र अवश्य पाहावा, त्यात पाय भिजवावेत, आणि शिंपल्यांनी खिसे भरून हसतखेळत घरी यावे. त्यासाठी लागणारी तयारी गावातच आणि आजपासूनच करता येण्यासारखी आहे.